‘ही कॉन्ड मी’चं मराठी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. इंग्रजी मालिकांच्या मराठी डबिंगसाठी संवाद लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्या एकीने विचारलंय की ‘ही कॉन्ड मी’ असं वाक्य आलं की दर वेळी ‘त्याने मला फसवलं’ एवढंच लिहायचं का? ‘चीट’, ‘स्कॅम’, ‘कॉन’ या सगळ्यांना एकच ‘फसवणे’ लावलं तर फरक उरतो कुठे? शिवाय एका संहितेत तिला ‘कॉन आर्टिस्ट’चं भाषांतर ‘ठग कलाकार’ असं सापडलं आणि तिची झोप उडाली. आणि ‘प्रोज अँड कॉन्स’मधला कॉन याच घरातला का, हीही शंका आहे.

माझं पोट भाषांतरावरच चालतं. एकीकडे सबटायटल, दुसरीकडे कोर्टकचेरीची कागदपत्रं. दोन्हीकडे माणसं फसवली जातात, फक्त एकीकडे मागे संगीत वाजत असतं. त्यामुळे या शब्दाशी माझी रोजची गाठ आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

शेवटची शंका आधी निकालात काढू. इंग्रजीत ‘कॉन’ या एकाच तुकड्यामागे बरेच वेगवेगळे शब्द दडलेत. ‘प्रोज अँड कॉन्स’मधला कॉन लॅटिनमधल्या ‘काँट्रा’चा, म्हणजे ‘विरुद्ध’चा, फायदे-तोटे, यापलीकडे त्यात काही नाही. ‘कॉमिक कॉन’मधला कॉन म्हणजे कन्व्हेन्शन, मेळावा. पाणबुडीच्या ‘कॉनिंग टॉवर’चा संबंध जहाज हाकण्याशी. या तिघांमुळे सहसा कोणी घसरत नाही. घसरतात ते ‘एक्स-कॉन’वर. तिथला कॉन म्हणजे कन्व्हिक्ट, शिक्षा झालेला कैदी. ‘ही इज ॲन एक्स-कॉन’ म्हणजे ‘तो तुरुंगात जाऊन आलेला आहे’. मग तो दरोड्यासाठी गेला असेल, खुनासाठी गेला असेल. ठकसेन असायलाच हवा असं नाही. ‘माजी ठग’ असं भाषांतर मी छापलेलं पाहिलंय, आणि ते पात्र खुनाची शिक्षा भोगून आलेलं होतं.

आता आपला कॉन. हा ‘कॉन्फिडन्स’चा, म्हणजे विश्वासाचा तुकडा आहे, आणि तो कुठून आला हे चक्क तारखेनिशी सांगता येतं. ८ जुलै १८४९ रोजी ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या वर्तमानपत्रात ‘कॉन्फिडन्स मॅन’ला अटक झाल्याची बातमी आली. त्याचं नाव विल्यम थॉम्पसन, निदान पोलिसांना सांगितलेलं नाव तरी तेच. त्याची पद्धत अशी: कपडे झकपक, बोलणं घरंदाज. रस्त्यात एखाद्या बऱ्या घरच्या माणसाला गाठायचं, जुनी ओळख असल्यासारख्या गप्पा मारायच्या आणि मग मध्येच विचारायचं, ‘उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका माझ्यावर विश्वास आहे का तुमचा?’ समोरच्याला वाटायचं, हा आपल्या ओळखीतलाच कोणीतरी आहे, चेहरा तेवढा आठवत नाही. ‘नाही’ म्हणायचा संकोच. तो घड्याळ काढून द्यायचा. थॉम्पसन हसत हसत निघून जायचा. अशाच एका गृहस्थाने ११० डॉलरचं सोन्याचं घड्याळ दिलं होतं. पुढे तोच माणूस त्याला रस्त्यात दिसला, त्याने पोलिसाला हाक मारली आणि थॉम्पसनची रवानगी तुरुंगात झाली.

त्याच आठवड्यात त्याच पत्राने आणखी एक टिपण छापलं. सूर असा की, हा बिचारा एकेक घड्याळ घेऊन तुरुंगात गेला. लोकांच्या याच विश्वासावर लाखो डॉलर गिळणारे खरे ‘कॉन्फिडन्स मॅन’ वॉल स्ट्रीटच्या आसपास महालांत राहतात. म्हणजे शब्द जन्मला आणि चारच दिवसांत टोमणा म्हणून वापरात आला. पुढे १८५७ मध्ये हर्मन मेलव्हिलने याच नावाची कादंबरी लिहिली आणि शतक संपेपर्यंत बोलण्यात ‘कॉन्फिडन्स’चा ‘कॉन’ होऊन त्याचं क्रियापदही झालं.

हे सगळं सांगतोय कारण भाषांतराची किल्ली त्या घड्याळात आहे. थॉम्पसनने ते हिसकावलं नाही, खिशातून मारलं नाही. मालकाने ते स्वतःच्या हाताने काढून दिलं. खिसा कापणारा तुम्हाला ‘कॉन’ करत नाही. बायकोशी खोटं बोलणारा नवरा ‘चीट’ करतो, ‘कॉन’ करत नाही. निदान तिच्या एफडीला हात घालेपर्यंत तरी. परीक्षेत कॉपी करणं इंग्रजीत ‘चीटिंग’ आहे, ‘कॉन’ नाही. आधी विश्वास बसवायचा आणि मग समोरच्याने आपण होऊन काहीतरी द्यावं किंवा करावं अशी वेळ आणायची, एवढं घडलं तरच तो कॉन. म्हणून वाक्य समोर आलं की मी शब्दकोश नंतर उघडतो; आधी बघतो, कोणी काय दिलं?

इंग्रजी व्याकरणही हेच सांगतं. या क्रियापदामागे सहसा दोनच शेपट्या येतात, ‘आउट ऑफ’ आणि ‘इंटू’. ‘दे कॉन्ड हिम आउट ऑफ हिज पेन्शन’ म्हणजे काहीतरी काढून घेतलं. मराठी: ‘गोड बोलून त्याची पेन्शन लुबाडली’, किंवा बातमीच्या भाषेत ‘पेन्शनच्या पैशांना गंडा घातला’. ‘शी कॉन्ड मी इंटू साइनिंग’ म्हणजे काहीतरी करायला लावलं. मराठी: ‘तिने भुलवून माझी सही घेतली’. दोन्हीकडे ‘फसवून’ लिहिता येतं, चूक नाही. पण ‘गोड बोलून’, ‘भुलवून’ यांत विश्वास बसवण्याची पायरी दिसते आणि ‘लुबाडली’, ‘सही घेतली’ यांत हाती काय लागलं ते दिसतं. सबटायटलच्या ओळीत चाळीसेक अक्षरं मिळतात. तेवढ्यात या दोन गोष्टी बसल्या की झालं, ‘विश्वास संपादन करून’ असला लांबलचक ऐवज लागत नाही.

‘इंटू’वालं वाक्य बऱ्याचदा हलकंफुलकं असतं. ‘माय सिस्टर कॉन्ड मी इंटू बेबीसिटिंग’ यात कोणी गुन्हा केलेला नाही. इथे ‘बहिणीने मला फसवलं’ लिहिलंत तर मराठी प्रेक्षक वडिलार्जित जमिनीचा वाद शोधायला लागेल. ‘ताईने गोड बोलून पोरं माझ्या गळ्यात टाकली’. बस. वस्तू असेल तर ‘गळ्यात मारली’, ‘माथी मारली’ हे क्रियापद हाताशी आहेच. दुकानदाराने खपत नसलेली साडी ‘शेवटचाच पीस आहे, ताई’ म्हणून दिली तर ती माथी मारलेली साडी.

फसवणुकीच्या बाबतीत मराठी मुळीच गरीब नाही. अडचण उलटी आहे: शब्द इतके आहेत की लोक ते सरसकट समानार्थी समजून वापरतात. प्रत्यक्षात प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. ‘टोपी घालणे’ पैशाच्या व्यवहारात, विशेषतः उधार-कर्ज घेऊन बुडवण्यात: ‘बँकेला टोपी घातली’. ‘चुना लावणे’मध्ये नजर नुकसानीच्या आकड्यावर: ‘पाच लाखांचा चुना लावला’. ‘शेंडी लावणे’ लहानसहान, मिश्किल. ‘मामा बनवणे’त तर पैसेही जायला नकोत, नुसतं हसं झालं तरी पुरे. ‘तोंडाला पाने पुसणे’ म्हणजे आशा दाखवून ऐन वेळी काहीच न देणे. निवडणुकीनंतरच्या अग्रलेखांचं हे लाडकं वाक्य, पण तो कॉन नव्हे, कारण पान पुसलं गेलेल्याने काही दिलेलंच असतं असं नाही. (मत दिलं होतं, असा वाद घालता येईल. घाला.) ‘डोळ्यांत धूळ फेकणे’ पहारेकऱ्याच्या बाबतीत, ‘हातावर तुरी देणे’ निसटण्यासाठी: ‘पोलिसांच्या हातावर तुरी देऊन आरोपी पसार’. हे दोन्ही कॉनला लावू नयेत, तरी सर्रास लावलेले दिसतात. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ म्हणजे भलत्याच दिशेला पाठवणे. लाल महालावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मुघलांना चकवल्याची गोष्ट त्यामागे सांगतात. तिथे मती गुंग होते, पाकीट रिकामं होत नाही.

‘केसाने गळा कापणे’ आणि ‘विश्वासघात’ यांबद्दल जरा थांबून सांगायला हवं. ‘विश्वास’ हा शब्दच आत असल्यामुळे बरेच जण ‘कॉन’साठी ‘विश्वासघात’ लिहितात. ऐकायला बरोबर वाटतं, पण मराठीत विश्वासघात आपल्या माणसाकडून होतो. भाऊ करतो, भागीदार करतो, मित्र करतो. विश्वास आधीपासून असतो, नंतर मोडतो. कॉनमधला माणूस मात्र बहुधा परका असतो आणि विश्वास त्याने फसवण्यासाठीच तयार केलेला असतो. थॉम्पसनने त्या गृहस्थाचा विश्वासघात केला असं आपण म्हणणार नाही. त्याला गंडवलं म्हणू.

‘गंडवणे’ हा आजच्या बोलीत कॉनच्या सगळ्यात जवळचा शब्द. रिक्षाच्या भाड्यापासून फ्लॅटच्या बुकिंगपर्यंत चालतो, तरुण पात्राच्या तोंडी शोभतो, लहान आहे. फक्त त्याचं अकर्मक रूप वापरताना जपा. ‘तो गंडला’ म्हणजे तो फसवला गेला, की त्याचं चुकलं? ‘ॲप गंडलंय’ म्हणतो तेव्हा ॲपला कोणी फसवलेलं नसतं. आणि ‘गंडा घालणे’ हा वर्तमानपत्री भाऊबंद. संगीताच्या घराण्यात ‘गंडा बांधणे’ म्हणजे रीतसर शिष्य होणे, तेव्हा शास्त्रीय गायकावरच्या मालिकेत हा शब्द वापरताना दोनदा वाचा.

आता ‘कॉन आर्टिस्ट’. ‘ठग कलाकार’ हास्यास्पद आहे, पण त्या अनुवादकाची मला थोडी दयाही येते, कारण मराठीत ‘कलाकार’ हा शब्द आपण याच अर्थाने वापरतोच की. ‘तो मोठा कलाकार आहे, जपून’ असं कोणी म्हटलं तर तो माणूस गातो की नाचतो हे कोणी विचारत नाही. संवादात ‘पोचलेला कलाकार’ सुरेख बसतं, मात्र आवाजात तो खवचटपणा यायला हवा. गंभीर प्रसंगात ‘ठकसेन’ किंवा ‘अट्टल ठग’. ‘ठकसेन’ला किंचित विनोदी, जुनाट वास आहे; सूट घातलेल्या, हॉटेलच्या लॉबीत वावरणाऱ्या माणसाला तो शोभतो. खोटी ओळख सांगून वावरणारा असेल तर ‘तोतया’. हा शब्द आपल्याकडे इतिहासातून आलाय: पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडल्यानंतर ‘मीच भाऊ’ म्हणत एक जण उभा राहिला, त्याच्या मागे लोकही गेले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. पेशवाईतला हा दावेदार थॉम्पसनपेक्षा किती मोठा खेळ खेळत होता बघा. घड्याळ मागत नव्हता, दौलत मागत होता.

‘भामटा’ मात्र मी लिहीत नाही. वर्तमानपत्रांत तो रोज छापून येतो: ‘भामट्याने वृद्धेला लुटले’. पण राजपूत भामटा हे महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या यादीतल्या एका समाजाचं नाव आहे. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, ‘विमुक्त’ हा शब्दही तिथूनच आला. शब्द मात्र शिवी म्हणून राहिला. इंग्रजीतही ‘जिप’ हे फसवण्यासाठीचं क्रियापद जिप्सी लोकांवरून आलंय आणि आता जाणते संपादक ते छापत नाहीत. दुसरे पाच-सहा शब्द हाताशी असताना एका समाजाचं नाव खर्ची घालायची काय गरज?

याच ओघात ‘ठग’. हा शब्द इंग्रजांनी १८३० च्या आसपास आपल्याकडून नेला आणि त्याचा ‘थग’ केला. कंपनी सरकारच्या कागदपत्रांतलं वर्णन असं की, ठग वाटेत प्रवाशांच्या तांड्यात मिसळायचे, दिवसचे दिवस सोबत चालायचे, एका चुलीवर जेवायचे, आणि विश्वास बसला की रुमालाने गळा आवळायचे. त्या वर्णनात किती तथ्य आणि किती सरकारी रंग, यावर इतिहासकार वाद घालतात. भाषेपुरतं बोलायचं तर इंग्रजीने त्यातला रुमाल ठेवला आणि सोबतीचा प्रवास टाकून दिला: आज ‘थग’ म्हणजे दांडगा गुंड, त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मराठीने उलट केलं. आपला ठग गळा आवळत नाही, गोड बोलतो. म्हणून संहितेत ‘थग’ आला की ‘ठग’ लिहू नका, ‘गुंड’ लिहा. आणि ‘कॉन मॅन’ आला की बिनधास्त ‘ठग’ लिहा.

लांब मालिकांमध्ये ‘शॉर्ट कॉन’ आणि ‘लाँग कॉन’ ही जोडी हमखास येते. वेळ कमी-जास्त एवढाच फरक नाही. शॉर्ट कॉनमध्ये समोरच्याच्या अंगावर आत्ता जे आहे तेवढं काढायचं. लाँग कॉनमध्ये, म्हणजे जुन्या भाषेत ‘बिग कॉन’मध्ये, त्याला पैसे आणायला घरी किंवा बँकेत पाठवायचं आणि त्याने ते घेऊन आपल्या पायांनी परत यायचं.

शॉर्ट कॉनसाठी मराठी शब्द शोधायला पुण्या-मुंबईच्या पेपरचं गुन्हे वार्तांकन वाचावं. सकाळी देवळातून परतणाऱ्या आजींना मोटारसायकलवरचे दोघे थांबवतात. ‘आजी, आम्ही पोलीस. पुढे खून झालाय, चेकिंग चालू आहे, दागिने अंगावर ठेवू नका. काढा, रुमालात बांधून देतो.’ तेवढ्यात आणखी एक माणूस येतो, त्यालाही हेच सांगतात, तो निमूटपणे गळ्यातली साखळी काढून देतो आणि त्याला पुडी बांधून मिळते. तो त्यांचाच असतो. ते बघून आजी पाटल्या काढतात. घरी जाऊन पुडी सोडतात तर आत खडे. बातमीतली वाक्यं ठरलेली: ‘पोलीस असल्याची बतावणी करून’, ‘हातचलाखीने’, ‘बोलण्यात गुंतवून’. हे ‘बोलण्यात गुंतवून’ म्हणजे कॉनचं अस्सल मराठी. तीन शतकं शोधलं तरी इतकं नेमकं सुचलं नसतं, आणि ते कुठल्याशा पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने फिर्याद लिहिताना घडवलेलं असावं असा माझा अंदाज. त्या तिसऱ्या माणसाला, साखळी काढून देणाऱ्याला, इंग्रजीत ‘शिल’ म्हणतात. मी ‘साथीदार’ लिहितो आणि पुढे जातो.

लाँग कॉनचं शास्त्र समजून घ्यायचं तर डेव्हिड मॉरर वाचावा. हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ गुन्हेगारांच्या बोलीचा अभ्यास करायचा. प्रत्यक्ष ठगांशी बोलून त्याने १९४० मध्ये ‘द बिग कॉन’ हे पुस्तक लिहिलं. आज पडद्यावर ऐकू येणारे बरेच शब्द त्यात आहेत. सावज तो ‘मार्क’. सावज हेरून आणणारा ‘रोपर’. आत बसून मोठ्या शेठची भूमिका करणारा ‘इनसाइड मॅन’. त्यांचं दुकान ते ‘बिग स्टोअर’: नकली सट्ट्याची खोली किंवा नकली दलालाची पेढी, जिथे फळ्यावर भाव लिहिणाऱ्यापासून खिडकीशी रांगेत उभ्या गिऱ्हाइकांपर्यंत सगळे टोळीतले आणि खरा ग्राहक एकटा मार्क. त्याला आधी थोडं जिंकू द्यायचं, हा ‘कन्व्हिन्सर’. मग घरून मोठी रक्कम आणायला पाठवायचं, तो ‘सेंड’. रक्कम हाती आली की ‘टच’, आणि शेवटी त्याला वाटेला लावायचं तो ‘ब्लो-ऑफ’.

यातला ‘मार्क’ आपल्याकडे तयार आहे: ‘बकरा’. ‘मोठा बकरा सापडलाय’ हे वाक्य कुठल्याही टोळीच्या तोंडी घाला. ‘कन्व्हिन्सर’साठी मी एकदा आवळा वापरला, संवाद असा झाला: ‘आज आवळा देऊ, उद्या कोहळा काढू.’ दिग्दर्शकाने हसून ठेवला. बाकीच्या पायऱ्यांना नावं देत बसू नका, घटना सांगा. ‘द सेंड’ला ‘प्रेषण’ लिहिणाऱ्याला मी हात जोडतो.

आणि हे सगळं जुनं आहे असं वाटत असेल तर शेअर ट्रेडिंगच्या बनावट ॲपची कुठलीही फिर्याद काढा. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी जोडून घेतं, तो रोपर. ग्रुपवर शेकडो सभासद रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात, ते बिग स्टोअरमधले गिऱ्हाईक. ‘सर’ म्हणून टिप्स देणारा इनसाइड मॅन. पहिल्या वेळी पाच-दहा हजार खरंच खात्यात परत येतात, हा कन्व्हिन्सर. मग माणूस एफडी मोडतो, सोनं गहाण ठेवतो आणि पैसे स्वतःच्या बोटाने पाठवतो. पाटी, खोली, फळा सगळं गेलं. पायऱ्या जशाच्या तशा. म्हणून आजच्या काळातली मालिका असेल तर ‘लाँग कॉन’ला वेगळा शब्द न शोधता ‘आमिष दाखवून’ लिहा, मराठी प्रेक्षक पुढचं आपोआप समजतो. ‘डिजिटल अरेस्ट’ मात्र मी या खान्यात टाकत नाही. तिथे विश्वास कमी आणि धाक जास्त. कॅमेऱ्यासमोर बसवून पैसे उकळतात. मराठीत ‘उकळणे’ हेच बरोबर. तोतयेगिरी आहे, फसवणूक आहे, पण जातीने ती खंडणी.

‘स्कॅम’बद्दल एक सूचना, कारण इथे भारतीय इंग्रजी आपल्याला दगा देते. १९९२ च्या रोखे घोटाळ्यापासून आपल्या कानाला स्कॅम म्हणजे घोटाळा: सरकारी, बँकेतला, कोट्यवधींचा. लंडन-न्यूयॉर्कच्या पात्राच्या तोंडी ‘स्कॅम’ म्हणजे बहुतेकदा साधी फसवाफसवी, खोटा फोन, खोटा ईमेल. ‘इट्स अ स्कॅम’ला ‘हा घोटाळा आहे’ लिहिलंत तर अर्थ मंत्रालयापर्यंत जातो. ‘फसवाफसवी आहे ही’, ‘बनवतायत तुला’ लिहा.

दोन वाक्यप्रयोग अडवतात. पहिला, ‘आय हॅव अ ब्रिज टू सेल यू’. भोळसट माणसाला मारायचा टोमणा. १८८३ मध्ये उघडलेला न्यूयॉर्कचा ब्रुकलिन ब्रिज नवख्या लोकांना ‘विकणारे’ ठग होते, जॉर्ज पार्कर त्यातला सर्वांत प्रसिद्ध, त्यावरून हा प्रयोग आला. ‘माझ्याकडे विकायला एक पूल आहे’ हे मराठीत निव्वळ मालमत्तेची जाहिरात वाटते. मी लिहिलं होतं, ‘मग गेटवे ऑफ इंडिया पण घे, स्वस्तात देतो’. नटवरलालने ताजमहाल विकल्याच्या कथा आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहेत, त्यामुळे ताजमहालही चालेल. दुसरा प्रयोग, ‘यू कान्ट कॉन अ कॉन मॅन’. याला मराठी उत्तर तयार आहे: ‘तू ज्या शाळेत शिकलास ना, तिथला मी हेडमास्तर.’

तिसराही एक आहे, पण तो मी भाषांतरित करताना नेहमी कुरकुरतो: प्रामाणिक माणसाला फसवता येत नाही, हे ठगांचं आवडतं तत्त्वज्ञान. म्हणजे बळी पडला तो लोभी होता म्हणूनच पडला. मॉररच्या काळातल्या मार्कला खोट्या शर्यतीवर पैसे लावायला सांगत, तेव्हा त्याच्या मनात पाप असे हे खरं. पण पाटल्या काढून देणाऱ्या आजींचा लोभ कुठला? अगदी शब्दांतूनही हा दोष बळीच्या माथी जातो. ऑनलाइन प्रेमाचं नाटक करून लुटण्याच्या प्रकाराला डुक्कर पोसून कापण्याचं नाव पडलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोलने ते वापरू नका असं आवाहन केलं, कारण स्वतःला डुक्कर म्हणवून घेत तक्रार द्यायला कोण येणार?

मराठीत ही गोष्ट क्रियापदातच आहे. ‘फसणे’ आणि ‘फसवणे’. ‘मी फसलो’ म्हटलं की वाक्यात दुसरा कोणी नसतोच. चिखलात पाय फसावा तसा मी आपला आपण फसलो. फसवणारा वाक्याबाहेर. इंग्रजीत ‘आय वॉज कॉन्ड’ म्हणताना करणारा दिसत नसला तरी तो आहे हे क्रियापद सांगतं. म्हणून त्याचं भाषांतर ‘मी फसलो’ करताना विचार करा. लाजलेला, स्वतःवर चिडलेला म्हातारा असेल तर तेच योग्य. रागाने पोलीस ठाण्यात आलेली बाई असेल तर ‘मला फसवलंय’ हवं.

कोर्टाच्या कागदांत तर हा फरक महागात पडतो. चारसोबीस हा आकडा आपल्या जिभेवर इतका बसलाय की तो पिढ्यान्‌पिढ्या निघणार नाही, पण १ जुलै २०२४ पासून फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे आणि तोतयेगिरी करून केलेली फसवणूक ३१९ मध्ये. आधी विश्वासाने सोपवलेली मालमत्ता हडपली तर तो वेगळा गुन्हा, कलम ३१६. ‘कॉन’ आणि ‘विश्वासघात’ वेगळे का, हे मी वर म्हटलं ते कायद्यातही असं वेगवेगळं आहे. फसवणुकीच्या व्याख्येचा गाभा हा की खोटं भासवून समोरच्याला काहीतरी द्यायला प्रवृत्त केलं. तेव्हा कोणी इंग्रजी तक्रारीतलं ‘आय वॉज कॉन्ड’ मराठी करायला आणलं, तर मी अर्जदाराला आधी तीन गोष्टी विचारून घेतो: समोरच्याने स्वतःला कोण म्हणवलं, काय सांगितलं, आणि ते ऐकून तुम्ही कोणत्या तारखेला काय दिलं. मग लिहितो, ‘अमुक असल्याची बतावणी करून, अमुक आमिष दाखवून, माझ्याकडून अमुक रक्कम घेतली.’ पैसे ऑनलाइन गेले असतील तर भाषांतराची वाट न बघता आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला सांगतो. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आली तर तिथेच येते.